निकान्द्रच्या वाट्याचे वीस फटके

सावेली लुकिच दुदारेवचा उद्योग मेलेल्या माणसांना उठवून बसवायचा. असं सांगितलं की नोवोचेरकास्कच्या मासळीबाजारातल्या बायका दोन पावलं मागं सरकायच्या. मग तो घाईघाईनं खुलासा करायचा, की मी निवृत्त मास्तर आहे, जुन्या कागदांतून डोन नदीकाठचे विसरलेले कोसॅक विद्वान शोधतो. त्यावर बायका आणखी एक पाऊल मागं सरकायच्या. कोसॅक म्हणजे घोडा, तलवार, मिशा आणि आरडाओरडा. विद्वान कोसॅक म्हणजे पोहणारी कोंबडी. त्यापेक्षा मेलेली माणसं उठवणं परवडलं.

त्याची कामाची रीत अशी. दफ्तरखान्याच्या एका गठ्ठ्यात चिठ्ठी सापडायची, की अमक्यानं वाचनालयाचं पुस्तक परत केलेलं नाही. दुसऱ्या गठ्ठ्यात त्याच माणसाच्या नावावर औषधवाल्याची पावती, गुडघ्याच्या मलमाची. तिसऱ्यात निम्मा फोटो, बाकीचा निम्मा कुणीतरी कात्रीनं उडवलेला. एवढ्या सामानावर सावेली अख्खा माणूस उभा करायचा. हाडं कागदाची, मांस 'बहुधा'चं. बहुधा तो एकलकोंडा होता. बहुधा त्याला संध्याकाळी नदीवर बसून खारवलेला मासा सोलायला आवडत असे. बहुधा त्याच्या बायकोला त्याची थोरवी कधी कळली नाही.

हे सगळं टाइप करायची त्याची बायको रिम्मा. एका दुपारी तिनं चष्मा काढला आणि विचारलं, की हे अकरा विद्वान वेगवेगळ्या गावचे, कुणी व्याकरणवाला, कुणी मधमाशीवाला, तर मग अकराच्या अकरा जण डाव्या पायानं लंगडतात कसे? अकराही जणांना खारा मासा आणि बिअर कशी लागते? आणि अकरा बायका एकजात बिनडोक कशा? मी अकरा लग्नं केल्याचं मला तरी आठवत नाही.

सावेलीनं हा आक्षेप फार गंभीरपणे घेतला. तीन दिवस सगळे कागद पुन्हा तपासले. मलमाची पावती एकच निघाली. उरलेले दहा गुडघे त्याचे स्वतःचे होते. पुढच्या शनिवारी सार्वजनिक न्हाणीघरात वाफेत बसल्या बसल्या त्यानं ही गोष्ट मित्रांना सांगितली आणि सगळ्यात मोठ्यानं तोच हसला. गुडघे मात्र पुस्तकातून काढले नाहीत. म्हणाला, आता त्यांना सवय झालीय.

या अकरांत त्याचा सगळ्यात लाडका होता निकान्द्र कुमशात्स्की.

निकान्द्र तेर्नोवाया गावचा. तेर्नोवाया म्हणजे कोसॅकांची जुनी वसाहत, नदीच्या वळणावर, शहरापासून बसनं अर्ध्या दिवसावर. पोरगा अनाथ. त्या काळी कोसॅकानं स्वतःचा घोडा, खोगीर, तलवार घेऊन लष्करात हजर व्हायचं असे. ज्याच्याकडे नसेल त्याला गाव सार्वजनिक पैशातून घोडा देई. निकान्द्रला गावानं घोडा दिला. निकान्द्रनं तो जत्रेत विकला, आलेल्या पैशात सूक्ष्मदर्शक घेतला आणि खारकोव्हला पळाला. तिथं त्यानं उभा जन्म डोन नदीतल्या गोगलगाई आणि शिंपले यांच्यावर घालवला. म्हणजे घोडा देऊन गोगलगाय घेतलेला हा जगातला एकमेव कोसॅक.

एका परदेशी पंडितानं एका गोगलगायीला त्याचं नाव दिलंही. पण वीस वर्षांनी दुसऱ्या पंडितानं जाहीर केलं की ही काही वेगळी गोगलगाय नव्हे, आधीचीच आहे, जरा खंगलेली. नाव खोडलं गेलं. क्रांतीनंतरच्या धामधुमीत निकान्द्र कुठं गेला, पत्ता नाही. त्याचा शेवटचा कागद म्हणजे सरपण मिळावं म्हणून केलेला अर्ज. कबर नाही, मूलबाळ नाही, गोगलगाय होती तीही गेली. जगाच्या पाठीवर त्याचं नाव लिहिलेली एकही जागा उरली नव्हती.

सावेलीच्या मनानं घेतलं की ती जागा तेर्नोवायाच्या शाळेची भिंत. एक संगमरवरी पाटी लावायची: निकान्द्र कुमशात्स्की, नदीचा अभ्यासक, इथं जन्मला. पुस्तक छापायला कुणी तयार नव्हतं. चार प्रकाशकांनी हसून परत पाठवलं होतं, पाचव्यानं तर हसायचेही कष्ट घेतले नाहीत. अकरा जणांना नाही तर नाही, एकाला तरी त्याच्या घरी पोचवायचं, एवढंच आता सावेलीला हवं होतं. पोरं डबा खात खात पाटी वाचतील आणि विचारतील, हा कोण रे? बस्स, एवढंच.

पण शाळेची भिंत गावाची, आणि गावाच्या भिंतीवर गावसभेच्या परवानगीशिवाय खिळाही ठोकता येत नसे. ऑक्टोबरात, पोक्रोव्हच्या सणाला, सभा भरायची. सावेलीनं अतामानाला, म्हणजे गावच्या म्होरक्याला, फोन केला. अतामान मितूसोव एरवी टायर पंक्चरचं दुकान चालवायचा, पण सणाच्या दिवशी त्याच्या छातीवर इतकी पदकं असत की चालताना तो भांड्यांच्या हातगाडीसारखा वाजायचा. या, म्हणाला, बोला. लोकांना पसंत पडलं तर लावू पाटी.

रिम्माही निघाली. कोबीच्या पिरोश्की, म्हणजे भाजलेल्या करंज्या, भरलेली टोपली मांडीवर घेऊन ती बसमध्ये बसली आणि वाटेत एकच सल्ला दिला: थोडक्यात बोल. सावेलीनं तो सल्ला ऐकला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती.

चर्चच्या अंगणात मेंढीच्या कातड्याच्या उंच टोप्या घातलेले पुरुष गोलाकार उभे होते. एका बाजूला म्हाताऱ्यांचं बाक. बायका कुंपणाकडे, खाण्याच्या टेबलांजवळ. बोलणाऱ्यानं मधोमध उघड्या डोक्यानं उभं राहायचं. मत मोजायची भानगड नाही. आवडलं तर सगळ्यांनी 'ल्यूबो' असं ओरडायचं, नाही आवडलं तर 'न्ये ल्यूबो'. जो आवाज मोठा तो निर्णय.

आधीचे विषय झपाट्यानं उरकले. मग सावेली मधे आला. वारं सुटलं होतं, टकलाला थंडी वाजत होती, समोर शंभरेक मिशा. त्यानं ठरवलं की गोगलगायीनं सुरुवात करायची नाही. लोकांना गोष्ट लागते. घोड्यापासून सुरू करू. गावाला आपला पोरगा किती बिलंदर होता ते कळलं की हसतील, आणि हसलेला माणूस पाटीला नाही म्हणत नाही. तीस वर्षं वर्गात उभं राहून त्याला माणसांची नस कळते असं त्याचं स्वतःबद्दल मत होतं.

तर त्यानं घोडा सांगितला, जत्रा सांगितली, सूक्ष्मदर्शक सांगितला. इकडून तिकडून खसखस पिकली. चेव चढला. मग त्यानं खिशातून त्याचं रत्न काढलं: तेर्नोवायाच्याच, शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या सभेच्या ठरावाची नक्कल. आणि घसा खाकरून, जुन्या अतामानाच्या आवाजाची नक्कल करत वाचली. गावानं दिलेला घोडा विकून गावाला लाज आणल्याबद्दल निकान्द्र कुमशात्स्की हा परत येईल तेव्हा त्याला सभेसमोर चाबकाचे वीस फटके द्यावेत. सभा म्हणाली, ल्यूबो.

सावेली हशासाठी थांबला.

हशा आला नाही. कुणीतरी खोकलं. बाकावरचे येरमोलाय आजोबा, गावातले सगळ्यात म्हातारे, काठी टेकत उभे राहिले. त्यांनी कानामागं हात धरला.

"मग, दिले का?" त्यांनी विचारलं.

"काय, आजोबा?"

"फटके."

सावेलीनं समजावलं, की निकान्द्र परत आलाच नाही, तर फटके कुठून देणार. आजोबांनी मान हलवली. हे त्यांना पटलं. मग ते सभेकडे वळून म्हणाले, की तेव्हा आला नव्हता, आता येतोय. शाळेच्या भिंतीवर का होईना, पण येतोय. मग सभेचा ठराव तसाच अर्धवट ठेवून त्याला आत कसा घ्यायचा?

आता हसू येईल म्हणून सावेलीनं इकडेतिकडे पाहिलं. टोप्या गंभीरपणे हलत होत्या. अतामान मितूसोवनं पदकं सरळ केली. म्हणजे विषय आता कामकाजात आला होता.

सावेलीनं सुचवलं की सोपं आहे, आजच्या सभेनं जुना ठराव रद्द करावा. यावर असा गलका झाला की झाडावरचे कावळे उडाले. अतामानानं त्याला बाजूला घेऊन कानात सांगितलं, की मास्तर, तुमच्याच हातात ती नक्कल आहे ना, तिचा पहिला परिच्छेद वाचा. सावेलीनं वाचला. ओढ्यापलीकडचं कुरण तेर्नोवायाचं, शेजारच्या गावाचं नव्हे, असं त्याच दिवशी त्याच सभेनं ठरवलं होतं. त्या कुरणावरून अजून कोर्टात भांडण चालू होतं आणि गावाकडे पुरावा म्हणून फक्त हाच कागद होता. त्यातलं दुसरं कलम आपणच खोटं पाडलं तर शेजाऱ्यांचा वकील पहिल्याला सोडेल का? निकान्द्रचे फटके आणि गावाच्या गाई एकाच कागदावर चरत होत्या.

थोडक्यात, ठराव रद्द होणार नव्हता. फटके झाल्याशिवाय पाटी नव्हती. आणि ज्याला मारायचं त्याची कबरसुद्धा नव्हती.

मग कुणीतरी म्हणालं की नातेवाइकानं घेतले तरी चालतात, पूर्वी चालायचे. कुमशात्स्की कुणी आहे का गावात? कुणी नव्हतं. होते तेवढे उपाशी मेले, सैबेरियात गेले, नाही तर आडनाव बदलून गप्प बसले.

"मास्तर," येरमोलाय आजोबा म्हणाले, "तो तुझा कोण?"

सावेलीनं तोंड उघडलं. कोण म्हणजे, संशोधनाचा विषय. पण त्या बाकासमोर, उघड्या टकलानं, 'संशोधनाचा विषय' हे शब्द त्याच्या ओठांवर येईनात. तेवढ्यात कुंपणाकडून, पिरोश्कींच्या टेबलापासून, रिम्माचा आवाज आला. सभेत बायकांनी बोलायची पद्धत नव्हती, पण ती शहरची, आणि तिच्या पिरोश्की सगळ्यांनी खाल्लेल्या.

"मी सांगते कोण ते. त्याचा गुडघा यांचा, त्याचा खारा मासा यांचा, त्याची बिनडोक बायको म्हणजे मी. मेलेल्याच्या फक्त गोगलगाई आहेत."

आता हशा आला. असा आला की अतामान मितूसोवची पदकं किणकिणली. सावेलीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बायको हसवत होती ठीक, पण सभा कुठल्या दिशेला निघाली आहे ते त्याला स्वच्छ दिसलं. दोन माणसं आधीच चर्चच्या मागून लाकडी बाक आणायला गेली होती. कोपऱ्यातला ग्लेब बेकरीवाला बाह्या वर सारत होता. रोज पहाटे दोन पोती कणीक तिंबणारे त्याचे दंड सावेलीच्या मांड्यांएवढे होते.

सावेलीनं काय काय विचार केले ते ऐकण्यासारखं आहे. आधी आठवलं की आपल्याला रक्तदाब आहे. मग आठवलं की परतीची बस सुटायची वेळ झालीय. मग तो मनाशी म्हणाला, आपल्या देशात कायदा आहे, आणि कायदा आठवायला लागला तेव्हा कुठलाच आठवेना. बस पकडायची, घरी जायचं, निकान्द्रबद्दल एक सुंदर लेख लिहायचा: गावानं त्याला दुसऱ्यांदा नाकारलं. लेख फार चांगला झाला असता. त्याचं पहिलं वाक्यही त्याला सुचलं. आणि निकान्द्र होता तिथंच राहिला असता, सरपणाच्या अर्जाच्या खाली, सही करून थंडीत उभा.

आणि मग त्याला वाचायची वाट सापडली. तो उजळला. दस्तऐवजाबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, म्हणाला. मूळ कागद दफ्तरखान्यात त्यानं स्वतः पाहिला होता. तिथं आकड्याच्या जागी कागद फाटलेला आहे. 'चाबकाचे' आणि 'फटके' यांच्यामध्ये भोक आहे. ही नक्कल त्यानंच टाइप करून घेतलेली, आणि वीस हा आकडा त्याचा अंदाज. शास्त्राच्या दृष्टीनं पाहिलं तर ते पाचही असू शकतात. खरं म्हणजे पाचच असावेत, बहुधा.

ग्लेबनं बाह्या सारायचं थांबवलं.

येरमोलाय आजोबा जवळ आले. इतके जवळ की त्यांच्या कोटाचा कापराचा वास सावेलीला आला. रागावलेले वगैरे नव्हते. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं.

"म्हणजे लेका, त्याच्या पाठीवर होते तोवर वीस, आणि तुझ्या ढुंगणावर आले की पाच?"

यावर कुणीच हसलं नाही, हेच वाईट झालं. हसले असते तर सावेलीही हसला असता, आणि कसं कुणास ठाऊक, वेळ निभावून गेली असती. तो त्या नकलेकडे बघत राहिला. वीस त्यानं का लिहिलं होतं ते त्याला पक्कं आठवत होतं. वीस ऐकायला बरं वाटलं होतं. पाच फटक्यांनी कुणी भारावून जात नाही. आकडा त्यानं चहा पिता पिता घातला होता, पाय शेगडीकडे करून, आणि वर थोडा जामही खाल्ला होता.

"वीस," सावेली म्हणाला. "मी वीस लिहिलंय. वीसच."

मग त्यानं कोट काढून रिम्माकडे दिला, चष्मा काढून अतामानाकडे दिला आणि डाव्या गुडघ्याला सांभाळत बाकावर पालथा झाला. बाक ओलं होतं. तिथून त्याला फक्त बूट दिसत होते, आणि एका बुटाशेजारी, ओल्या गवतात, एक लहानशी गोगलगाय. ही निकान्द्रची की आधीचीच खंगलेली, हे चष्म्याशिवाय सांगता येण्यासारखं नव्हतं.

पहिला फटका पडला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आजवर त्यानं आपल्या पुस्तकात 'यातना' हा शब्द फार उदारपणे वापरला होता. दुसऱ्याला त्यानं तो शब्द सगळीकडून काढायचं ठरवलं. तिसऱ्याला त्यानं एक असा शब्द उच्चारला जो पुस्तकात घालता येणार नव्हता, आणि म्हाताऱ्यांच्या बाकावरून कौतुकाचा हुंकार आला. मग अतामानानं ग्लेबला काहीतरी खूण केली असावी, कारण त्यानंतर चाबूक विजारीवरून नुसता धूळ झाडल्यासारखा फिरत राहिला. आकडे मात्र सगळं अंगण मोठ्यानं मोजत होतं, बायकासुद्धा. शेवटचा तेवढा ग्लेबनं मनापासून दिला. काम अर्धवट राहिलं असं उद्या कुणी म्हणायला नको.

सावेली उठला. रिवाज होता की मार खाल्लेल्यानं चारी बाजूंना वाकून नमस्कार करायचा आणि शहाणपण शिकवल्याबद्दल आभार मानायचे. वाकणं जड गेलं. चौथ्या बाजूला वाकून त्यानं म्हटलं, "निकान्द्र येवस्तिग्नेयेविच कुमशात्स्कीच्या वतीनं, आभारी आहे."

आणि येरमोलाय आजोबांनी टोपी काढली. मग बाकाच्या दोन्ही कडांपासून सुरू होऊन एकेक टोपी उतरत गेली. शंभरेक उघडी डोकी, काही टकली, वाऱ्यात. अतामानानं विचारलं, गड्यांनो, कुमशात्स्की घरी आलाय, त्याला आत घ्यायचं का?

सगळे 'ल्यूबो' असे ओरडले की चर्चच्या घंटेनं आतल्या आत सूर धरला. सावेलीला रडू आलं. फटक्यांचं असेल, असं समजून कुणी काही म्हणालं नाही, आणि त्यानंही तो समज दूर केला नाही.

नंतर शाळेत जेवण. माशांचं सार, भाजलेलं बदक, घरची दारू. सगळ्यांनी सावेलीला टेबलाच्या मधोमध जागा दिली, ती त्यानं उभ्यानंच स्वीकारली. हातात ग्लास, खिडकीच्या चौकटीला खांदा टेकलेला. ग्लेब बेकरीवाला येऊन त्याला मिठी मारून गेला आणि दुखलं का म्हणून विचारून गेला.

थोड्या वेळानं पोस्टातल्या अग्राफेना काकू त्याच्याजवळ आल्या. आधी हवेबद्दल बोलल्या, मग बदकाबद्दल. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, की आमच्यातही एक होता. आजीचा थोरला भाऊ. लोक परेडला जायचे आणि हा खळ्याच्या छपरावर चढून वारा मोजायचा. रोजच्या रोज, कुठल्या दिशेनं, किती जोरात. नंतर पोलीस त्याला घेऊन गेले, तेव्हापासून घरात त्याचं नाव कुणी काढलं नाही. आजी म्हणायची, वेडा होता, विषय बंद. पण एक तक्ता राहिलाय, काकू म्हणाल्या, लोणच्याच्या बरण्यांखाली घातलेला. चालेल का तुम्हाला?

सावेलीनं ग्लास खिडकीत ठेवला.

काकूंच्या मागं, जरा अंतर ठेवून, टोपी हातात घेऊन एक ट्रॅक्टरवाला उभा होता. त्याच्याही मागं कुणीतरी होतं. कुणाचा पणजोबा तुर्कांकडून औषधं शिकून आला होता आणि जादूटोणा करतो म्हणून त्याला गावाबाहेर काढलं होतं. कुणाचा काका लॅटिन बोलायचा, पण फक्त बैलांशी. घराघरात एकेक होता. इतकी वर्षं प्रत्येकाला वाटत होतं की लाज आपल्याच एकट्याच्या घरात आहे.

अतामान मितूसोव हे सगळं लांबून बघत होता. तो किणकिणत जवळ आला आणि कामकाजाच्या सुरात सावेलीला म्हणाला, की यातल्या किती जणांचे ठराव निघतील सांगता येत नाही, जुनी सभा फार कडक होती, पण घाई नाही, पुढचा पोक्रोव्ह वर्षभर लांब आहे, तोवर बरं होईल सगळं.

सावेलीनं रिम्माकडे पाहिलं. तिनं पर्समधून पेन्सिल काढली, बोटांवरचं बदकाचं तेल रुमालानं पुसलं आणि ती त्याच्या हातात दिली.

"तो वारेवाला," तिनं अग्राफेना काकूंना विचारलं, "दोन्ही पायांनी धड चालायचा ना? आधी तेवढं सांगा. मग यांना लिहू दे."